नऊ लाख नव्व्याण्णव हजार आठशे बारा

बुधवारी दुपारी डिझेल पंपाचा मीटर अडकला आणि शुक्रवार उजाडेपर्यंत घरातल्या प्रत्येकाची खात्री पटली की पंप दुसऱ्याचा आहे.

हे नवीन होतं. अजहर गेली सात वर्षं डोणगावच्या हॉटेलांत, मेहकरच्या वकिलाकडे आणि एकदा सख्ख्या मामाच्या मयतीत पंपावर आपला निम्मा हक्क कसा आहे ते सांगत आला होता. तीन वर्षांपूर्वी त्यानं परस्पर रंगारी बोलावला आणि बोर्डावरच्या 'वकार गफ्फार' या नावापुढे 'आणि बंधू' लिहायला लावलं. 'आणि' लिहून होतं न होतं तोच त्याचा मोठा भाऊ वकार मेहकरहून परतला. त्यानं रंगाऱ्याला शिडीवरून उतरवलं. तेव्हापासून बोर्ड 'वकार गफ्फार आणि' असाच होता, ट्रकवाल्यांनाही त्याची सवय झाली होती. शुक्रवारी सकाळी अजहर स्वतः शिडी खांद्यावर टाकून आला आणि घासलेटचा बोळा घेऊन 'आणि' पुसायला लागला.

"काय करून राह्यला बे?" वकारनं खालून विचारलं.

"पंप तुमचा हाय, भाई," अजहर वरून म्हणाला. "मीच उगाच लालूच करत होतो."

वकारला घाम फुटला. भावाच्या तोंडून हे वाक्य ऐकायची त्याची सात वर्षांची इच्छा होती. ते ऐकताना आपण मरणार आहोत असं वाटेल, ही कल्पना नव्हती.

पंप बहात्तर सालचा. लोखंडी, माणसाहून हातभर उंच, लाल रंगाचे थरावर थर चढलेला. त्याच्या छातीवर काचेमागे आकड्यांच्या दोन रांगा. वरची रांग गिऱ्हाइकाची: किती लिटर टाकलं ते दाखवायची आणि दांडी ओढली की पुन्हा शून्यावर यायची. खालची रांग पंपाची: सहा पांढरी चाकं, चाकं बसल्यापासून एकूण किती डिझेल गेलं त्याची बेरीज. ती मागे जात नाही. पुढे पुढे सरकत राहते, आणि सहाही चाकांवर नऊ आले की पुढच्या लिटरला सगळी एकदम शून्यावर येतात.

ती शून्यावर आली की पंपाचा मालक जातो, अशी या घराची समजूत होती.

चौऱ्याऐंशी साली वकारचे वडील गफ्फारसेठ गेले. चाळीस दिवस पंप बंद ठेवला, उघडला तेव्हा खालच्या रांगेत सहा शून्यं. पंच्याण्णव साली सगळ्यात थोरला भाऊ मुनाफ काविळीनं गेला. चाळीस दिवसांनी पंप उघडला, पुन्हा सहा शून्यं. त्या भागात दोनदा घडलेल्या गोष्टीचा नियम होतो. मध्ये एका हिवाळ्यात वकारची बायको वारली, पण तेव्हा मीटर तीन लाख चाळीस हजारांवर होता, म्हणून ते मरण कोणी धरलं नाही.

आता मीटर ९९९८१२ वर उभा होता. एकशे अठ्ठ्याऐंशी लिटर बाकी. नांगरणीच्या दिवसांत एवढं डिझेल दुपारच्या जेवणाआधी जातं.

बीटी कापूस आल्यापासून खप वाढला होता. बियाण्याच्या जीपा गावोगाव फिरल्या, भिंतींवर टरबुजाएवढी बोंडं रंगवली गेली, फवारणी आता इतिहासजमा झाली असं पत्रकांत छापून आलं. फवारणी राहिली, पत्रकं इतिहासजमा झाली. पाणी खोल गेलं तशी विहिरींवरची इंजिनं जास्त वेळ धडधडू लागली. कापूसवाल्यांच्या हाती काही लागलं नाही, मीटर तेवढा पुढे गेला. या उन्हाळ्यात आसपासच्या गावांतले तिघं जण फवारणीचं औषध पिऊन गेले. वकार तिघांनाही त्यांच्या कॅनवरून ओळखायचा: एकाचा निळा, एकाचा खाद्यतेलाचा, एकाला झाकण नसायचं, त्याऐवजी कणसाचं, दाणे काढलेलं बुरकुंड खोसलेलं. ज्या उन्हाळ्यात माणसांना मरायला खरी कारणं होती, त्या उन्हाळ्यात आपण सहा चाकांना भितो, याची त्याला लाज वाटायची. लाजही वाटायची आणि भीतीही वाटायची. एकीमुळे दुसरी कमी होत नव्हती.

बुधवारी वरचे आकडे पळत असताना खालचे जागच्या जागी थांबले, तेव्हा त्याला हायसं वाटलं. हे हायसं वाटणं एक कप चहा संपेपर्यंत टिकलं. मग आठवलं, की सोमवारी वजनमापे खात्याचे साहेब वर्षाचा शिक्का मारायला येणार. डिझेल जातंय आणि बेरीज हलत नाही, याचा साहेबाच्या भाषेत एकच अर्थ होतो. पंपाला सील, परवाना रद्द, आणि तेही पेरणी तोंडावर असताना. म्हणजे मीटर दुरुस्त केला तर वकार जाणार आणि नाही केला तर पंप. घरात दोन्ही बाजूंना मतं होती.

त्यानं 'बंद आहे'ची पाटी लावली आणि खामगावच्या पुंजाजी मिस्त्रीला फोन केला. परवानाधारक दुरुस्तीवाला, सत्तरीचा, बोलायला महाग. शुक्रवारी साडेअकराच्या एस.टी.नं तो आला, बुधवारचा आकडा लिहून खात्याला दिलेल्या कळवणीची प्रत वकारच्या हातात ठेवली, पंपासमोर गोणपाट अंथरलं आणि चष्म्यावर दुसरा चष्मा चढवला.

जुम्म्याची नमाज झाल्यावर सगळे पंपामागच्या ऑफिसात जमले. ऑफिस म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या आणि पंपाकडे उघडणारी खिडकी. अमीनाबी, वकारची आई, भिंतीकडची खुर्ची धरून बसली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता, तरी मीटर तिला सगळ्यांच्या आधी दिसायचा. गेल्या ईदेपासून ती रोज सकाळी सलामाच्या आधी "किती?" विचारायची. वकार आकडा सांगायचा आणि ती हातातल्या तसबीहचे मणी जरा जोरात फिरवायची.

मुनाफची बायको राबिया दाराच्या चौकटीशी उभी होती, आत ना बाहेर. पंपाला लागून असलेल्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत ती शिलाई मशीन चालवून राहायची. मुनाफच्या चाळिसाव्याआधीच वकार अकोल्याच्या ऑफिसातून परवाना स्वतःच्या नावावर करून आला, तिला तो आपल्या नावावर हवा होता. त्या दिवसापासून ती वकारशी बोलली नव्हती. घर एक, अंगण एक, नळ एक, त्यामुळे बोलावं तर रोज लागायचं. निरोप तिची मुलगी अदीबा हिच्यामार्फत जायचे. अदीबा बुलडाण्याला कॉलेजात गेली तेव्हा ते काम बकरीकडे आलं. "सांग याले, नळाले पानी आलं," राबिया बकरीला म्हणायची. "सांग हिले, भरून घे," वकार बकरीला म्हणायचा. बकरीनं तेव्हापासून एकही निरोप चुकवला नाही. मधल्या काळात बकऱ्या दोनदा बदलल्या.

अमीनाबीचं म्हणणं सोपं होतं. मीटर दुरुस्त होऊ द्या, पण त्याआधी नाव बदला. अल्लानं तिचा नवरा घेतला, थोरला घेतला, मधला ती देणार नव्हती. अजहरनं मान डोलावली आणि अर्धी डोलावून झाल्यावर ती थांबली, कारण मधल्यानंतर कोण उरतं हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं घाईघाईनं सांगितलं की आपली तब्येत पंप सांभाळण्यासारखी नाही, डिझेलच्या वासानं आपलं डोकं उठतं, लहानपणापासून उठतं.

मग त्यानं राबियाकडे पाहिलं आणि त्याला न्याय सुचला.

अजहर चांगला बोलायचा. विधवेचा हक्क, मरहूम भाईची अमानत, आपण सगळ्यांनी केलेला अन्याय, यावर तो पाऊण तास बोलला असता. त्या घरात भाषण उर्दूत सुरू व्हायचं आणि मुद्द्यावर आलं की वऱ्हाडीत उतरायचं. अजहर बराच वेळ उर्दूत राहिला. शेवटी उतरला. "भाभीचं त्याच दिवशी नाव लागाले पाह्यजे होतं. अजून वेळ गेली नाही. आजच लिहू."

राबियानं सुट्टीला घरी आलेल्या अदीबाकडे तोंड केलं.

"तुह्या वकारचाचाले विचार. अकरा वर्षं मागतलं तवा बाईच्या नावानं पंप शोभत नाही म्हने. आज काऊन शोभून राह्यला?"

अदीबानं विचारलं नाही. ऐकू सगळ्यांनाच आलं होतं. खिडकीबाहेर पुंजाजीनं शिशाच्या सीलची तार कातरली, तो आवाज ऑफिसात आला, आणि वकारला तो आपल्या मानेमागे आल्यासारखा वाटला.

त्याला नाही म्हणता आलं असतं. त्यासाठी एकच शब्द लागत होता आणि तो जिभेवर होता. तेवढ्यात पुंजाजीनं काच उतरवली, सहा चाकं उन्हात उघडी पडली, आणि पहिले तीन नऊ खिडकीतून थेट त्याच्याकडे पाहू लागले. वकारनं अदीबाला कागद घ्यायला सांगितलं. परवाना भाभीच्या नावे करायला आपली हरकत नाही, असं तिनं दोन ओळींत लिहिलं. अकोल्याला जाऊन खरे कागद करावे लागतील, हा घरातला कागद आहे, हेही ती बोलली. घरातला चालेल, अमीनाबी म्हणाली. वरच्याला अकोल्याचं ऑफिस लागत नाही.

वकारनं सही केली. पेन अदीबाला परत दिलं.

राबियानं कागद वाचला, घडी घातली आणि चौकटीतूनच हात लांबवून टेबलावर ठेवला. आपल्याला मालक कशासाठी करत आहेत हे तिला समजत होतं, आणि तिला समजतंय हे वकारला समजत होतं. तो चहाच्या कपाकडे बघत बसला.

पुंजाजी दारात आला. तळहात पुढे धरलेला, त्यावर ग्रीस आणि ग्रीसमध्ये एक सुई.

"शिलाई मशीनची," तो म्हणाला. "एका अंगानं चपटी असते ते. काचेचं रबर सुटलं हाय खालून, तिथून आत खोसली कोनंतरी. शेवटच्या चाकाच्या दात्यात बसली होती."

घरात शिलाई मशीन एकच होतं.

विधवेच्या हक्कावरचं अजहरचं भाषण संपून चार मिनिटंही झाली नव्हती. "पाह्यलं, भाई?" तो म्हणाला. "पंप बुडवाले निंघाली होती. साहेब सोमवारी येऊन सील ठोकन, परवाना जाईन, मंग ना तुमचा ना माहा. अकरा वर्षांचा दंश हाय हा." वकारलाही तेच वाटलं. तसं वाटल्यावर त्याला जरा बरंही वाटलं, कारण मग त्या सहीचं ओझं कमी होत होतं.

"वकारमियाँ," राबिया म्हणाली.

सुईपेक्षा या हाकेनं सगळे दचकले. अदीबानं आईकडे पाहिलं, मग सवयीनं निरोप पोचवायला चाचाकडे वळली आणि तशीच थांबली.

"सुई मी घातली. ते शून्य मी एकदा पाह्यलं. तुमचे भाई गेल्यावर इद्दतीत होती, बाहेर निंघता येत नव्हतं, खिडकीतून पाह्यलं. तवा मले मालूम नव्हतं का ते थांबवता येते. या खेपेले मालूम होतं."

मग अमीनाबीनं विचारलं, की वकारचं तिला काय पडलं होतं.

"काही नाही पडलं," राबिया म्हणाली. "पन वकारमियाँ गेले त पंप अजहरमियाँच्या हाती जाईन. मंग त्यांच्यासंग मले सुरुवातीपासून भांडा लागन. यांच्यासंग नीट भांडाले अकरा वर्षं लागली. आता पुन्हा नाही होत माह्याच्यानं."

टेबलावरची घडी वकारपासून वीतभर अंतरावर होती. ही बाई त्याला वाचवायला मीटरमध्ये सुई घालते, आणि तो दोन ओळींत आपलं मरण तिच्या नावे करतो.

पुंजाजी अजून दारातच होता. त्यानं खाकरून घसा साफ केला. अम्माची परवानगी असेल तर एक सांगायचं होतं, तो म्हणाला, आणि परवानगीची वाट न पाहता सांगितलं. हा मीटर आजपर्यंत आपल्या पायानं कधी शून्यावर आलाच नाही. मालकाचं नाव बदललं की कंपनी जुनी झिजलेली चाकं काढून नवी टाकायला लावते. नवी चाकं शून्यावरूनच बसतात. गफ्फारसेठच्या वेळी त्यानंच टाकली, मुनाफभाईच्या वेळीही त्यानंच. दोन्ही वेळा घरात सुतक, पंप बंद, कोणी बाहेर फिरकलं नाही. तो कंपनीच्या जीपमधून आला, काम केलं, गेला.

"मुनाफभाई गेले तवा चार लाख बावन हजारावर होता," तो म्हणाला. "दहा लाख कसा होईन? तवा डोनगावात टॅक्टर होते किती? सात."

"मंग इतके वर्षं सांगतलं काऊन नाही?" वकारनं विचारलं.

"कोनी विचारलं?" पुंजाजी म्हणाला. "अन् तुमची सही हाय न त्या कागदावर. चाकं बदलली म्हनून."

वकारला आठवेना. त्या महिन्यात अकोल्याला त्यानं सत्तावीस सह्या केल्या होत्या. वाचला फक्त परवाना, आणि त्यातही फक्त स्वतःचं नाव.

ऑफिसातली हवा एकदम सैल झाली. अजहरनं मोठा श्वास सोडला, हसला, आणि तसं काहीच नसेल तर या कागदाची गरज काय, असं म्हणत सहज हात पुढे केला. डिझेलच्या वासाचाही त्याला एवढा काही त्रास होत नव्हता. बोर्डावरचं 'आणि' निम्मंच पुसलं गेलंय, तेही त्यानं बोलता बोलता सगळ्यांच्या कानावर घातलं.

फक्त अमीनाबी हसली नाही. बावीस वर्षं जपलेली भीती एका मिस्त्रीनं दोन मिनिटांत मोडीत काढावी, हे तिला मंजूर नव्हतं.

"म्हंजे शून्य तू आनतो," ती म्हणाली.

"कंपनी आनते, अम्मा. मी बसवतो."

"दोन्ही खेपेले तू आलता."

"मानूस आधी गेलते. मी मंग आलतो."

अमीनाबीनं न दिसणारे डोळे पुंजाजीच्या आवाजाच्या दिशेनं वळवले. "आज त कोनी गेलं नाही," ती म्हणाली. "अन् तू येऊन बसला."

अजहरचा पुढे आलेला हात आपोआप मागे गेला. वकारनं समोरचा चहाचा कप बाजूला सारला. आतापर्यंत निदान नियम माहीत होता. आता मीटर पहिल्यांदा आपल्या पायानं शून्यावर जाणार होता, आणि पहिल्यांदा गेल्यावर काय होतं, हे सांगायला आधीचं कोणी नव्हतं.

हातानंच चाकं फिरवून शून्य करून टाका, असं अदीबानं सुचवलं. पुंजाजीनं मान हलवली. बुधवारचा आकडा कळवणीत लिहून गेला होता. तिथूनच चालू करून, माप टाकून तपासून दाखवावं लागतं.

वकारनं कागद उचलला. त्याला वाटलं आपण तो फाडणार. फाडला असता तर मरण परत आपल्याकडे आलं असतं आणि भाभीचा हक्क अकरा वर्षं मागे गेला असता. ठेवला असता तर उलटं. इतका वेळ त्याला मरण आणि हक्क ही एकच गोष्ट वाटत होती.

"अदीबा, खाली एक ओळ लिह," तो म्हणाला. "शून्य माह्या नावावर. पुढचा लिटर भाभीच्या."

"असं कंपनी मानत नाही, चाचा."

"कंपनीले मंगळवारी अकोल्यात सांगू. मी असन त."

तिनं लिहिलं. अमीनाबीनं तोंडावर पदर घेतला. राबिया चौकटीतून आत आली.

पुंजाजीनं वाकलेला दाता चिमट्यानं सरळ केला, बारीक कानशीनं घासला, चाकांमधली वर्षांची घाण ब्रशनं काढून घासलेटमध्ये बुडवली. मग तेलाचा एक एक थेंब. चाकं परत बसवण्याआधी शेवटचं चाक त्यानं अंगठ्यानं फिरवून पाहिलं: सात, आठ, नऊ, शून्य, एक. वकार नळाशी जाऊन पाणी पिऊन आला. परत आला तेव्हा चाकं जागेवर होती आणि आकडा बुधवारचाच होता.

तपासणीचं माप पाच लिटरचं असतं, पितळी, लांब मानेचं. पंपातून त्यात पाच लिटर घ्यायचे, मानेवरची रेघ पाहायची, आणि डिझेल परत जमिनीतल्या टाकीत ओतायचं. एरवी दोन-चार मापांत काम होतं. पण शेवटचं चाक शून्यावरून नीट उलटतं की नाही, हे पाहिल्याशिवाय सोमवारी साहेबासमोर उभं राहायला पुंजाजी तयार नव्हता. म्हणजे अडतीस मापं. वीजमंडळाच्या वेळापत्रकात चार वाजता लाईट जाणार होती. वकारनं नळी हातात घेतली. माप धरायला राबिया बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

पहिली वीस मापं सगळे मोठ्यानं मोजत होते. पंचविसाव्यानंतर फक्त अदीबा मोजत होती. तिसाव्याला अजहर, रस्त्यावर कोणी गिऱ्हाईक थांबतंय का ते पाहायला, शिडीपर्यंत गेला आणि तिथंच राहिला. वकारच्या सदऱ्याची पाठ ओली झाली होती. डिझेल मापात पडताना फेसाळायचं, फेस बसायचा, राबिया रेघ पाहून "बरोबर" म्हणायची आणि ओतायला उचलायची. त्याला निळा कॅन आठवत होता. बुरकुंड खोसलेला आठवत होता. त्या माणसाच्या कॅनमध्ये शेवटचं डिझेल टाकलं तेव्हा मीटर किती होता, ते काही केल्या आठवत नव्हतं.

सदतीस मापं झाली. ९९९९९७.

अडतिसावं माप लागलं. अठ्ठ्याण्णव. नव्व्याण्णव. सहा नऊ एका रांगेत उभे राहिले आणि लगेच, शेवटच्या चाकाच्या ओढीनं, सहाही हलायला लागले. नऊची डोकी वर सरकून दिसेनाशी झाली, खालून शून्याची वरची कमान आली, आणि मोटर गुंगुं करत थांबली.

लाईट गेली होती. चारला पाच कमी होते. मंडळ कुठलंच काम वेळेआधी करत नाही, एवढं एक सोडून.

"किती?" अमीनाबीनं खुर्चीतून विचारलं.

कोणाला सांगता येईना. काचेमागे नऊही नव्हते आणि शून्यही नव्हते. सहा चाकं अर्ध्यावर लटकली होती.

"किती? काऊन बोलत नाही कोनी?"

पुंजाजीनं पंपाच्या कुशीतलं झाकण उघडून लोखंडी हँडल बसवलं. लाईट नसताना हातानं पंप चालवायची ही जुनी सोय. मागच्या कित्येक वर्षांत कोणी वापरली नव्हती. अर्धा लिटर राहिलंय, तो म्हणाला, सेठचा हात कापत असेल तर आपण फिरवतो. अमीनाबी आतून कडाडली की मिस्त्रीनं हात लावायचा नाही.

वकारनं नळी राबियाच्या हातात दिली आणि हँडल धरलं. ते थंड असेल असं त्याला वाटलं होतं. उन्हानं चटका बसला. पहिल्या वेढ्याला काही हललं नाही. दुसऱ्याला आत कुठंतरी दाता दात्याला भिडला. त्यानं डोळे मिटले, मग मिटून मेलो तर पाहायचं राहून जाईल म्हणून उघडले, आणि सगळं अंग टाकून फिरवलं.

टक् असा एकच आवाज झाला. सहाही चाकांचा मिळून एक.

००००००.

सगळे मीटरकडे न बघता वकारकडे बघत होते. तोही आतल्या आत स्वतःकडे बघत होता. छातीत धडधडत होतं, म्हणजे चालू होतं. रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला, 'बंद आहे'ची पाटी वाचून पुढे गेला. एक मिनिट झालं असेल. मरणासाठी एवढं ताटकळत उभं राहायचं असतं का, हे कोणाला विचारावं ते त्याला कळेना.

"माप अर्धवट सोडता येत नाही," पुंजाजी म्हणाला. "दोन लिटर राह्यले."

वकारनं हँडल सोडलं. राबियानं नळी त्याच्याकडे परत दिली, पदर खोचला आणि हँडल धरलं. तिनं एकदाही मीटरकडे पाहिलं नाही. आता मीटरकडे वकार पाहत होता. एक लागला तेव्हा त्यानं नळी घट्ट धरली, आणि आपण आता कोणासाठी भितोय हे त्याच्या लक्षात आलं.

"किती?" आतून आवाज आला.

"दोन, अम्मी."

"कोनाचे?"

"भाभीचे."

तसबीह फिरायचा आवाज आला. पुंजाजी काच बसवून, रबराला नवी पट्टी लावून, हातपाय धुवायला गेला. अजहर शिडी खांद्यावर घेऊन त्याच्या मागे गेला. जाता जाता बोर्डाकडे पाहून निम्मं 'आणि' पुसावं की राहू द्यावं, याचा अंदाज घेऊन गेला. अदीबा कागद घेऊन दादीला वाचून दाखवायला आत गेली. अंगणात दोघं उरले आणि खुंट्याला बकरी.

"सांग याले," राबिया बकरीला म्हणाली, "माही सुई दे. मिशीन बंद पडली हाय बुधवारपासून."

सुई गोणपाटावर पडली होती. वकारनं ती मघाशीच उचलून, ग्रीस पुसून, सदऱ्याच्या आतल्या शिवणीत खोचली होती. मीटर पुन्हा शून्यावर यायला अजून नऊ लाख नव्व्याण्णव हजार नऊशे अठ्ठ्याण्णव लिटर होते, आणि तेव्हा नाव राबियाचं असणार होतं.

"सांग हिले," तो बकरीला म्हणाला, "सुई हरवली. उद्या मेहकरहून नवी आनतो."